पहिली कादंबरी : बाडापासून पुस्तकापर्यंत

कादंबरी लिहिणे आणि ती पुस्तकरूपाने वाचकाच्या हाती देणे या दोन कामांच्या मध्ये एक तिसरे काम असते : लिहून झालेले बाड तपासायचे, कापायचे, पुन्हा लिहायचे आणि छापण्याजोगे करायचे. मराठीत हे काम पूर्वी बऱ्याच अंशी नियतकालिकांचे आणि प्रकाशनगृहांचे संपादक लेखकाला सोबत घेऊन करीत. असे संपादक आता मोजकेच उरले आहेत. छपाई मात्र पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी झाली आहे. त्यामुळे हे मधले काम नव्या कादंबरीकाराच्याच अंगावर येऊन पडते आणि पहिल्या कादंबऱ्या फसतात त्या बहुधा इथेच. सांगण्यासारखे काही नव्हते म्हणून फसलेली कादंबरी क्वचित आढळते. पहिल्या खर्ड्यावरच छापखान्यात गेलेली कादंबरी पदोपदी आढळते.

ही वेळ का आली हे समजायला थोडे मागे जावे लागते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे. ते पुस्तक म्हणूनच आले. पण पुढे लवकरच मराठी कादंबरीने नियतकालिकांचा आधार घेतला. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तार'मधून आली आणि हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' त्यांच्याच 'करमणूक' या 1890 मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकातून. हप्त्याने लिहिण्याचे तोटे हरिभाऊंच्या पानापानांवर दिसतात : पाल्हाळ, मध्येच सुटलेले धागे, काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. फायदाही तेवढाच मोठा होता. अंक ठरल्या वारी निघायचा, त्यामुळे लेखकाला ठरल्या वारी लिहावे लागे आणि पुस्तक होण्याआधीच वाचक कुठे रमतो नि कुठे कंटाळतो ते कळत असे. 1909 मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे कितीतरी छोट्या कादंबऱ्या आणि मोठ्या कादंबऱ्यांची प्रकरणे आधी दिवाळी अंकांतून आली. मौज प्रकाशनगृहाच्या 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी मजकुराच्या ओळीओळीवर पत्रव्यवहार करीत. त्या काळी 'साभार परत' हे दोन शब्द लेखकांना धडकी भरवीत आणि 'सत्यकथे'विरुद्ध बंडही झाले. सत्यकथेचा दरारा नव्या लेखकांना जाचत होता हे खरेच. पण परत आलेल्या लेखनात नेमके काय बिघडले आहे, हे सांगणारा माणूस पलीकडे असायचा. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडली. तिची जागा भरून काढणारे मासिक त्यानंतर उभे राहिले नाही.

लेखनाची सुरुवात विषयापासून होते. विषय किती मोठा घ्यावा याचे उत्तर मात्र मराठी कादंबरीने दोन्ही टोकांनी दिले आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर घडते. बोट निघते आणि बंदराला लागते, एवढाच तिचा अवकाश. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू माणसांचे सारे दुःख त्यात मावते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरवस्तीवर शाळा चालवायला येतो आणि दुष्काळाने वाडी उठते तेव्हा कादंबरी संपते. दोन्ही पुस्तके हातात घेतली तर अगदी लहान वाटतात. दुसऱ्या टोकाला श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (1987) आहे : दोन खंड, चार पिढ्या. पण पेंडसे तिथवर पोचले ते 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' अशा आटोपशीर कादंबऱ्या लिहून, जवळजवळ चार दशकांनी. ज्याला आपोआप सुरुवात आणि शेवट आहे असा अवकाश पहिल्या कादंबरीला मानवतो : एक प्रवास, एका शाळेचे वर्ष, एक निवडणूक, साखर कारखान्याचा एक गळीत हंगाम. घराण्याच्या तीन पिढ्यांची कथा पहिल्याच खेपेला घेणाऱ्याची दमछाक पणजोबांच्या मृत्यूपाशीच होते आणि पुढचे सारे घाईने उरकले जाते.

विषयाइतकीच त्या विषयाची माहिती लागते. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (1991) धरणग्रस्तांची आहे आणि तिचा जोर पुनर्वसनाच्या सरकारी कारभाराच्या बारकाव्यांत आहे. लेखक स्वतः प्रशासनात होते, कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना माहीत होते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (2002) शिकून बेकार राहिलेल्या शेतकरी मुलाची कोंडी आहे. पेरणी, बियाणे, कर्ज, बाजारभाव या गोष्टी तिथे नेपथ्यासारख्या मागे उभ्या राहत नाहीत, त्यांच्यातूनच घटना घडतात. ज्या धंद्यातली, कचेरीतली किंवा शिवारातली रोजची कामे लेखकाला ठाऊक नाहीत तिथली पात्रे फक्त बोलत राहतात, त्यांच्या हातून काही होत नाही. ऐतिहासिक कादंबरीत हा धोका दुप्पट होतो. रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) आणि पाटलांची 'पानिपत' (1988) यांनी अमाप वाचक मिळवले. त्यांच्या वाटेने गेलेल्या शेकडो कादंबऱ्या मात्र बखरीचे उतारे आणि अलंकारिक संवाद यांच्या पुढे सरकल्या नाहीत.

यानंतरचा निर्णय सांगणारा कोण हा. मराठीतले सर्वांत मोठे प्रयोग याच प्रश्नावर झाले. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्णाची कथा कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा पात्रे आपापल्या तोंडाने सांगतात. भालचंद्र नेमाड्यांनी ऐन पंचविशीत लिहिलेल्या 'कोसला'त (1963) पांडुरंग सांगवीकर आपली हकिगत आपल्याच तिरकस, मुद्दाम पसरट बोलीत सांगतो. 'कोसला'ने मराठी गद्याला मोकळे केले आणि त्याबरोबर एक साथही पसरवली. पुढची दोन-तीन दशके खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, सगळ्याला कंटाळलेला प्रत्येक नायक सांगवीकराच्याच सुरात बोलू लागला. आजही प्रकाशकांकडे येणाऱ्या बाडांत तो सूर लगेच ओळखू येतो. लेखकाने ज्या पुस्तकावर सर्वाधिक प्रेम केले असेल, त्याची छाया पहिल्या कादंबरीवर पडतेच. ती कुठे पडली आहे हे दुसऱ्या खर्ड्यात शोधून काढावे लागते.

बोलीचा प्रश्न याच निर्णयाला जोडलेला आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) सगळी कथा नारबा हा शेतगडी सांगतो. म्हणून तिथे निवेदनही बोलीतच आहे आणि दुसऱ्या भाषेत ते शोभलेच नसते. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (1960) निवेदन प्रमाण मराठीत राहते आणि वऱ्हाडी बोलतात ती माणसे. दोन्ही मार्ग चालतात. अडचण होते ती अर्धवटपणाची. 'मी येणार नाही' हे एकच वाक्य कोल्हापूरकडचा माणूस 'मी न्हाई यायचा' असे म्हणेल आणि सावंतवाडीकडचा 'मी येवचंय नाय' असे. नवा लेखक पुष्कळदा प्रमाण वाक्यच लिहितो आणि 'नाही'चे तेवढे 'न्हाई' करतो. ती बोली कुठल्याच गावची होत नाही. बोली वाक्याच्या घडणीत, क्रियापदांत, शिव्यांत आणि गप्प बसण्याच्या जागांत असते. ती कानावर नसेल तर साधी प्रमाण मराठी लिहावी. वाचक तिच्यातूनही गाव ओळखतो.

पहिला खर्डा कसा लिहावा याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. कुणी आधी आराखडा काढतो, कुणी वाट फुटेल तसे जातो. रोज थोडे लिहिणारा शेवटाला पोचतो, स्फूर्तीची वाट पाहणारा बहुधा पोचत नाही. डेमी आकाराच्या छापील पानात मराठीचे साधारण पावणेतीनशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांच्या कादंबरीसाठी पंचावन्न ते साठ हजार शब्द लागतात. रोज पाचशे शब्द झाले तर हे काम चार महिन्यांचे आहे.

खरे काम त्यानंतर सुरू होते. बाड काही आठवडे बाजूला ठेवून मग काळाचा तक्ता करणे ही त्याची पहिली पायरी. एका बाजूला वर्षे, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पात्राचे वय, तिसऱ्या बाजूला बाहेरच्या घटना. हा तक्ता केला की चुका रांगेने बाहेर पडतात. 1972 च्या दुष्काळावरचे प्रकरण घ्या. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी हे सगळे त्या काळचे आहे. पण त्याच प्रकरणातला पुढारी 'रोजगार हमी कायद्याने तुमचा हक्क आहे' असे म्हणाला तर वाचक तिथेच थबकतो. कामे तेव्हा निघाली होती. कायदा झाला 1977 मध्ये. अशी चूक पकडणारा जुना संपादक आता टेबलापलीकडे नसतो, आणि वाचकांत त्या कामावर प्रत्यक्ष राबलेली माणसे असू शकतात. शेतीचे वेळापत्रक, परीक्षांचे महिने, सणांच्या तिथी आणि एसटीच्या प्रवासाला लागणारा वेळ याच तक्त्यावर पारखून घ्यावा.

दुसरी पायरी कापाकापीची. पहिल्या कादंबरीचे पहिले प्रकरण बहुधा अनावश्यक असते. लेखक त्यात गावाचा भूगोल, घराण्याचा इतिहास आणि नायकाचे बालपण सांगून घेतो, आणि गोष्ट खऱ्या अर्थाने दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात सुरू होते. तिथून सुरुवात केली तर काय बिघडते, हे एकदा करून पाहण्यासारखे असते. संवाद मोठ्याने वाचावेत. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य खोटे आहे. लेखकाने पात्राच्या तोंडी घातलेली सामाजिक भाषणे मोठ्याने वाचताना विशेष लाजवतात. शेवटी बाड दोन-तीन माणसांना वाचायला द्यावे. ती नात्यातली नसावीत, आणि त्यांना 'कसे वाटले' असे न विचारता कुठे कंटाळा आला, कुठे पान उलटले, कोणते पात्र आठवत नाही असे विचारावे. एवढे सोपस्कार पार पडल्यावर जे उरते त्याला हस्तलिखित म्हणता येईल.

प्रकाशक निवडताना त्याची सूची पाहणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. मौज, पॉप्युलर, राजहंस, मॅजेस्टिक, कॉन्टिनेन्टल, मेहता, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह, साकेत, रोहन, शब्द या प्रत्येकाची आवड वेगळी आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या सूचीत प्रयोगशील कादंबरी आणि प्रयोगशील सूचीत रहस्यकथा पाठवणारा लेखक आपला आणि प्रकाशकाचा वेळ वाया घालवतो. बाड युनिकोड टंकात, पानांना क्रमांक घालून पाठवावे. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अनेकदा अक्षरांचा कालवा होतो. सोबत एका पानाचे पत्र पुरे : कादंबरी कशाबद्दल आहे, किती शब्दांची आहे, त्यातला काही भाग पूर्वी कुठे छापून आला आहे का. दिवाळी अंकात एखादे प्रकरण आलेले असेल तर ते जरूर लिहावे, कारण वाचणाऱ्या संपादकाचे लक्ष तिथे आधी जाते. उत्तराला काही महिने लागतात. तीन-चार महिन्यांनी एकदा सौम्य आठवण करणे रीतीला धरून आहे. दर आठवड्याला फोन करणे नाही.

इथे एक कटू गोष्ट सांगावी लागते. मराठीत पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची काढण्याची पद्धत होती. आता नव्या कादंबरीच्या पाचशे प्रतीही धाडसाच्या वाटतात आणि मागणीप्रमाणे छपाईच्या तंत्राने शंभर-दोनशे प्रतींवरही भागवले जाते. या आकसलेल्या बाजारात लेखकाकडूनच खर्च घेऊन पुस्तक काढण्याचा व्यवसाय फोफावला आहे. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, मात्र तसे उघड ठरले पाहिजे आणि हिशेब कागदावर पाहिजे. संपादनाचे नाव घेऊन पैसे घ्यायचे आणि मजकुराला हातही न लावता अक्षरजुळणीला पाठवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत : आठवड्याभरात आलेला होकार, बाडाबद्दल एकही प्रश्न नाही आणि आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळी रक्कम. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी मोफत देते.

करारनामा वाचून सही करणारे मराठी लेखक आजही कमी आहेत आणि पुष्कळ व्यवहार तोंडी होतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन कागदावर उतरताच हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापरच केला नाही, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास तो हक्क परत येतो. म्हणूनच 'सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमचे' अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवावे. मराठीत छापील आवृत्तीचा हक्क, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे मोजावेत. सुहास शिरवळकर 2003 मध्ये गेले. त्यांच्या 'दुनियादारी'वर चित्रपट आला तो 2013 मध्ये. पहिल्या करारात बेफिकिरीने लिहून दिलेली ओळ वारसांना भोवू शकते ती अशा वेळी. स्वामित्वधन छापील किमतीच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास असते. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती 10 टक्क्यांनी पूर्ण खपल्या तर लेखकाला 15,000 रुपये मिळतात. कादंबरीवर घर चालवण्याचा विचार करणाऱ्याने हा आकडा आधीच पाहून ठेवलेला बरा.

निर्मितीत लेखकाचे काम मुख्यतः मुद्रिते तपासण्याचे. 'कि' आणि 'की', 'आणी' आणि 'आणि', अनुस्वार, अवतरणचिन्हे यांत व्यावसायिक मुद्रितशोधकाचा डोळा लेखकापेक्षा तयार असतो, पण पात्राचे नाव सदाशिव असताना बाविसाव्या पानावर ते सदानंद झाले आहे हे लेखकालाच दिसते. पुस्तक सोळा पानी फर्म्यांत छापले जाते, त्यामुळे 208 पानांचे पुस्तक तेरा फर्म्यांत नेमके बसते आणि 211 पानांचे झाले तर मागे कोरी पाने राहतात किंवा मजकूर आवळावा लागतो. अशा वेळी तीन पाने कापण्याची विनंती आली तर ती मानण्यात शहाणपण असते. मुखपृष्ठावर लेखकाने मत द्यावे, हट्ट धरू नये. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्यानुसार त्याच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांच्याकडे प्रकाशकाने पोचवायच्या असतात. ते झाले का, हे लेखकाने विचारण्यात गैर काही नाही.

मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक अजूनही ग्रंथालय हाच आहे. 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली 11 ते 12 हजार सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे आणि अनुदान त्याप्रमाणे. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी शासनाची ग्रंथयादी आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची खरेदी हे दोन मार्ग महत्त्वाचे, आणि दोन्हींत पुस्तक वेळेवर सादर करण्याची जबाबदारी प्रकाशकाची. 2017 नंतर स्टोरीटेल या ऑडिओ-पुस्तकांच्या ॲपमुळे मराठीत ऑडिओ कादंबरीला श्रोता मिळाला. प्रवासात ऐकणारा हा वर्ग पुस्तकांच्या दुकानात फारसा दिसत नसे. प्रकाशन समारंभाने मात्र खप वाढतो ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे.

राहता राहिली पहिल्या पुस्तकासाठीची मदत आणि मान. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना त्या वाङ्मयप्रकारातल्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी साहाय्य देते. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे आणि त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडशांच्या नावाने दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे. त्याची वयोमर्यादा 35 वर्षांची आणि रक्कम 50,000 रुपये. यांतल्या पहिल्या दोहोंसाठी संधी एकदाच मिळते. पदरमोड करून घाईने छापलेली कच्ची कादंबरीही नियमांच्या हिशेबी लेखकाची पहिली कादंबरीच ठरते, आणि तिच्यानंतर लिहिलेली चांगली कादंबरी या दोन्ही ठिकाणी पाठवताच येत नाही.